वाळ्याची ताटी

मार्च अर्धा सरला की नागपुरात माळ्यांवरचे कूलर खाली उतरतात. पंप गाळाने जाम झालेला असतो, टाकीच्या तळाला गंज धरलेला असतो आणि गेल्या वर्षीच्या ताट्या क्षारांनी पांढऱ्या पडून कडक झालेल्या असतात. त्या उपसून काढायच्या, बाजारातून नव्या आणायच्या, पाणी सोडायचे. पहिल्या झोताबरोबर ओल्या वाळ्याचा मातकट वास घरभर पसरला की उन्हाळा लागला. हल्ली जाळीत बहुधा वुडवूल असते, त्याला हा वास नाही. पण ताटीला अजून ताटीच म्हणतात.

हा शब्द कूलरपेक्षा कितीतरी जुना. वाळ्याच्या थंड खोल्यांचे श्रेय अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त थेट अकबराला दिले आहे: बांबूच्या सांगाड्यावर वाळ्याची मुळे बसवायची, वरून पाणी घालायचे, की भर ग्रीष्मात दुसरा हिवाळा. दरबारी लेखक धन्याला श्रेय देणारच. कालिदासाच्या शकुंतलेच्या अंगाची काहिली होते तेव्हाही तिच्यासाठी उशीराचा लेप नेला जातो, आणि उशीर म्हणजे वाळाच.

पुढे ताटी इंग्रजांच्या बंगल्यांवर चढली. भिश्ती बाहेर उभा राहून दिवसभर तिच्यावर पाणी मारी आणि गरम वारा तिच्यातून गाळून आत येई. वारा पडला की सगळेच मुसळ केरात. म्हणून १८३०च्या सुमारास ‘थर्मॅन्टिडोट’ नावाचे धूड आले: खिडकीत बसवायची पेटी, आत गरगरणारी पाती, बाजूंना ओल्या ताट्या आणि मूठ फिरवायला माणसे. आजचा कूलर तो हाच, फक्त मजुराच्या जागी मोटर. साहेब गार झोपे, मूठ फिरवणारा उन्हात घाम गाळी.

यामागचे गणित सोपे आहे. एक लिटर पाणी आटते तेव्हा भोवतालची साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता ओढून घेते. हवा जितकी कोरडी, तितके पाणी भराभर आटते. त्यामुळे मुंबईच्या दमट हवेत कुचकामी ठरणारा कूलर विदर्भाच्या एप्रिल-मे महिन्यांत राजा असतो, आणि मृग बरसला की तोच नकोसा होतो.

एवढे करूनही मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीच्या डोंगरावर जाई. गंमत अशी, की आताचे राज्य सरकारही नागपूरला अधिवेशनासाठी येते ते हिवाळ्यातच.

ज्यांना पचमढी नव्हती, त्यांच्यासाठी मातीच्या जाड भिंती होत्या, वर कवेलू आणि दारात कडुनिंब. संध्याकाळी अंगणात सडा पडे, रात्री तिथेच बाज टाकली जाई. झाड पानांतून पाणी सोडते, ओली जमीनही सोडते. एका अर्थाने सगळा मोहल्लाच एक मोठी ताटी होता.

शहर तापते म्हणजे ही ताटी वाळते. लंडनच्या ल्यूक हॉवर्डने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शहरातले आणि शहराबाहेरचे तापमान वर्षानुवर्षे टिपले. फरक दिसला तो मुख्यतः रात्री: शहरातली रात्र सरासरीने सुमारे ३.७ अंश फॅरनहाइटने जास्त उबदार. विटा-दगड दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते परत करतात. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंश सेल्सियसवर गेला, त्याचा गाजावाजा झाला. पण दुपार दार लावून काढता येते. अंग पोळते ते रात्री, गच्चीचा स्लॅब बारा वाजले तरी निवत नाही तेव्हा. त्यात अंगणांवर गट्टू बसले, सिमेंट झाडांच्या बुंध्यापर्यंत पोचले. मुरायला जागाच नाही, तर पाणी आटणार कुठून?

आणि मग एसी. विलिस कॅरिअरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हे तंत्र बसवले, तेही माणसांसाठी नव्हे; दमट हवेत कागद फुगे, रंग सरकत, म्हणून. कूलरच्या ताटीत उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. एसी ती नुसती हलवतो: एक युनिट वीज खाऊन खोलीतली तीन युनिट उष्णता उपसली, तर खिडकीबाहेर चार युनिट फेकतो. थर्मॅन्टिडोटच्या काळी मूठ फिरवणारा सोसत होता. आता गल्ली सोसते, आणि गल्लीतला भाजीवाला.

उपाय फारसे नवे नाहीत. अहमदाबादेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, २०१७ मध्ये वस्त्यांमधल्या छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीम काढली. पांढरे छप्पर ऊन फारसे पीत नाही, परतवते. नागपुरातही उन्हाळ्यात काही सिग्नलांवर हिरव्या जाळीचे मांडव पडतात. दुचाकीवाले लाल दिव्याच्या बरेच अलीकडे, जिथे सावली संपते तिथेच थांबतात. झाडाभोवतीचे गट्टू उखडून हातभर माती मोकळी करणे त्याहून स्वस्त पडते. ज्या घरांत अजून अंगण उरले आहे, तिथे संध्याकाळी सडा पडतो. बाज मात्र शेजारच्या चार मजली इमारतीच्या एसींचा झोत चुकवून, भिंतीच्या दुसऱ्या टोकाला टाकावी लागते.