नाक्यावरचा फळा : गिरगाव ते गिरणगाव, वस्तीच्या बातमीचा इतिहास

गिरगावातल्या वाडीच्या तोंडाशी किंवा लालबाग-परळच्या नाक्यावर एक काळा फळा असे. वरच्या पट्टीवर मंडळाचे नाव ऑइलपेंटने कायमचे लिहिलेले आणि खाली रोज बदलणारा खडूचा मजकूर. उद्या पाणी उशिरा येईल. अमुक चाळीतील गृहस्थांचे निधन झाले, अंत्ययात्रा सायंकाळी पाच वाजता निघेल. शालान्त परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचे अभिनंदन. रविवारी सत्यनारायणाची महापूजा, सर्वांनी तीर्थप्रसादाचा लाभ घ्यावा. अक्षर चांगले असलेला एखादा तरुण हे काम वर्षानुवर्षे बिनपगारी करी आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने आपलाच मजकूर पुसून टाकी. असे फळे अजूनही कुठे कुठे आढळतात. मात्र त्यांच्यापुढे थांबणारी माणसे कमी झाली आहेत.

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास आपण वर्गात शिकवतो तेव्हा या फळ्याला त्यात स्थान नसते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या 'दर्पण'पासून आपण निघतो आणि भाऊ महाजनांचा 'प्रभाकर', 'इंदुप्रकाश', 'केसरी' अशी स्थानके घेत पुढे जातो. याचे कारण उघड आहे. छापलेले उरले, खडूने लिहिलेले पुसले गेले. परंतु जे उरले नाही ते महत्त्वाचे नव्हते, असा निष्कर्ष त्यावरून काढता येणार नाही. मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील कितीतरी मोठ्या घटना वस्तीतल्या या रोजच्या, किरकोळ भासणाऱ्या बातमीच्या आधारावर उभ्या होत्या, आणि तो आधार लक्षात घेतल्याशिवाय त्या घटनांचा उलगडा होत नाही, असे मला वाटते. प्रस्तुत टिपणात त्या दृष्टीने काही प्रसंग तपासून पाहावयाचे आहेत.

मुंबईविषयी मराठीत लिहिणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तांत' १८८९ चा. रस्ते, देवळे, तलाव, सण, जातीजमाती यांची विपुल माहिती या ग्रंथांत आहे. तथापि त्यांची दृष्टी शहर दाखवावयास निघालेल्या जाणकाराची आहे. आळीतल्या माणसाला आळीतली गोष्ट कशी कळत होती, हा त्यांचा विषय नव्हे. पुढे गिरगाव आणि त्याचा परिसर तर मराठी छपाईचे माहेरघरच झाला. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना काळबादेवीच्या बाजूस होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ मध्ये काढलेला 'नवाकाळ' गिरगावातला. मौजेचा छापखाना खटाववाडीतला. ज्या वाडीत रात्रभर यंत्रे चालत, त्या वाडीतली बातमी मात्र बहुधा त्या यंत्रांवर चढत नसे. छापील पत्र देशाची खबर देई, आणि शेजारच्या जिन्याची खबर जिन्यावरच मिळे.

वस्तीची बातमी किती वेगाने आणि किती दूर जाई, याचे एक प्रत्यंतर १८९६ च्या प्लेगमध्ये मिळते. सप्टेंबरात मांडवी भागात रोगाचे निदान झाले आणि सक्तीने रुग्णालयात नेण्याचे उपाय सुरू झाले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे त्याला मारतात, अशी वार्ता वस्त्यांतून फिरत होती. सरकारी कागदपत्रांनी तिला 'अफवा' म्हटले आणि हेतूच्या बाबतीत ती अफवाच होती. पण नेलेल्यांपैकी बहुतेक परत येत नव्हते, हे वस्तीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते. कोण गेले आणि कोण परतले, याची मोजदाद चाळीच्या गॅलरीत झाली होती. कारण तेवढे तिने आपल्या भीतीतून लावले. वस्तीच्या बातमीचे बळ आणि तिचा धोका ही दोन्ही या प्रसंगात एकत्र दिसतात. पुढच्या काळातही अनेकदा याच वाटेने भीती आणि द्वेष पसरला, हे विसरून या बातमीविषयी भाबडे लिहिणे योग्य होणार नाही.

दुसरा प्रसंग १९०८ चा. २२ जुलैच्या रात्री उशिरा मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर सहा दिवस, शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस याप्रमाणे, मुंबई बंद राहिली. गिरण्या थांबल्या, रस्त्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. हा संप इतिहासाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. तथापि त्या काळच्या बहुसंख्य कामगारांना अक्षरओळख नव्हती आणि त्यांना बोलावणारी मोठी कामगार संघटनाही नव्हती. तेव्हा 'केसरी' वाचून हे कामगार रस्त्यावर आले, असे म्हणणे अपुरे आहे. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, ऐकणाऱ्याने ते गिरणीच्या दरवाज्यापर्यंत न्यावे, अशी साखळी असल्यावाचून हे घडत नाही.

ही साखळी कशी होती, याचे सर्वांत चांगले विवेचन राजनारायण चंदावरकर यांनी केले आहे. गिरणगावातले कामगार राजकारण समजून घ्यायचे तर गिरणीइतकेच वस्तीकडे पाहिले पाहिजे, हे त्यांच्या लेखनाचे एक मुख्य सूत्र आहे. नोकरी लावून देणारा जॉबर, उधारीवर धान्य देणारा दुकानदार, खोलीचा मालक, खाणावळ चालवणारी बाई, तालमीतला दादा ही सगळी माणसे वस्तीत एकमेकांत गुंतलेली होती. कोकणातून वा घाटावरून आलेले एका गावचे पुरुष एकाच खोलीत राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागी झोपावयास येई. माणसांची पाळी बदले तशी बातमीही हात बदले. गिरणीतली खबर खोलीवर येई आणि खोलीतली गावाकडे जाई.

१९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे सहा महिने चालला. त्या वर्षी स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या वर्षाअखेरीस पन्नास हजारांच्या वर गेली. इतके दिवस पगाराविना काढणे नुसत्या भाषणांवर शक्य नव्हते. कोणता दुकानदार अजून उधार देतो, कोण गावी गेला, कोण फुटून कामावर जाण्याच्या बेतात आहे, या माहितीवर संप टिकला. फुटणाऱ्यावर वस्तीची नजर असे आणि तिचा धाकही असे. म्हणजे आज आपण ज्याला प्रेमाने 'शेजार' म्हणतो, त्यात आधार होता तशी जबरदस्तीही होती.

शिवाय या शेजारात सर्वांना सारखी जागा नव्हती. शेजाराला जातीच्या भिंती होत्या, आणि ज्यांना या कथनात स्थान नव्हते त्यांना आपले साधन स्वतः उभारावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या पोयबावडी भागातल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दीर्घकाळ राहिले. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या 'मूकनायक'चे कार्यालय याच परिसरात होते, आणि १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. 'मूकनायक' हे नावच पुरेसे बोलके आहे. ज्याची बातमी कोणी देत नाही, त्याचे हे पत्र. मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात ते आपण शिकवतोच. त्याचा पत्ता परळच्या चाळींमधला आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगावयास हवे.

छापील बातमी आणि वस्तीची बातमी यांतला फरक 'रामदास' बोटीच्या अपघाताने विदारकपणे दाखवला. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत गिरगाव-परळ भागात राहणारे बरेच होते. वृत्तपत्रांनी आकडा दिला. चाळीत मात्र आकडा येत नाही; कोणत्या खोलीचे कुलूप उघडले गेले नाही, एवढेच चाळीला कळते.

१९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि गिरगाव, लालबाग, परळ या भागांत आंदोलन पेटले, गोळीबार झाले. त्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरला आचार्य अत्र्यांचा 'मराठा' निघाला आणि चळवळीला स्वतःचे दैनिक मिळाले. येथे एक गोष्ट लक्षात येते. १९०८ असो वा १९५६, वस्तीचे नाव छापील इतिहासात येते ते बहुधा गोळीबाराचे स्थळ म्हणून. गोळीबाराच्या आदल्या दिवशी तेथे काय चालले होते, याची नोंद नाही. ती मिळते तर साहित्यात मिळते. पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकातील 'गच्चीसह झालीच पाहिजे' हे प्रकरण आपण विनोद म्हणून वाचतो. ते विनोदी आहेच. परंतु राज्याची मागणी आणि गच्चीची मागणी एकाच भाषेत, त्याच सभा आणि त्याच ठरावांतून होऊ शकते, हे ज्या समाजात खरे होते त्या समाजाचे ते दस्तऐवजही आहे. विडंबनाला मूळ लागते, आणि ते मूळ चाळीच्या इतिवृत्ताच्या वहीत होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. वृत्तपत्रांनी मालक, नेते आणि सरकार यांच्या वाटाघाटी छापल्या. वस्तीतली बातमी वेगळी होती. कोणी भांडी मोडीत काढली, कोणाच्या मुलाने शाळा सोडली, कोण गावी गेला तो परतलाच नाही. भोंगा वाजला नाही, ही तर बिनशब्दांची बातमी होती. त्या काळानंतरचे घर आतून कसे दिसत होते ते कळावयास आपल्याला जयंत पवारांच्या 'अधांतर' या नाटकाकडे जावे लागते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये गिरणगावचा मौखिक इतिहास ग्रंथरूपाने आणला, तो याच पोकळीला दिलेला उत्तम प्रतिसाद होय. परंतु मौखिक इतिहासासाठी सांगणारी माणसे हयात असावी लागतात.

मग उरलेले काय आहे? फळा पुसला गेला, पण त्याच हातांनी लिहिलेले आणखी काही कागद आहेत. १८९३ पासून गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव होतो. चिंचपोकळीचा १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा. लालबागच्या बाजारातला गणपती १९३४ मध्ये बसला तो पेरू चाळीचा बाजार बंद झाल्यानंतर, कोळी आणि छोट्या विक्रेत्यांना कायमची जागा मिळावी या नवसातून. आज देशभर चर्चा होणाऱ्या त्या उत्सवाचे मूळ एका बाजाराच्या स्थानिक अडचणीत आहे. अशा मंडळांचे वार्षिक अहवाल असतात. एरवी ते कोणी वाचत नाही. मी एकदा असा जुना अहवाल एम. ए. च्या वर्गात वाचावयास दिला. खोली क्रमांक, नाव, वर्गणीचे रुपये. पुढे जमाखर्च, स्पर्धांचे निकाल, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली. पहिल्या पंधरा मिनिटांत मुले हसली. नंतर एका विद्यार्थिनीने विचारले, की ठरावीक खोल्यांपुढे तीन वर्षे रक्कमच का नाही? तो अहवाल १९८४ चा होता, आणि मागील दोन वर्षांची वर्गणी शेजारच्या रकान्यांत दिलेली होती. उत्तर द्यावे लागले नाही.

बीडीडीच्या २०७ चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यांचा पुनर्विकास सुरू आहे. गिरगावातल्या वाड्याही एकामागून एक पाडल्या जात आहेत. रहिवाशांना मोठे, स्वतंत्र स्वच्छतागृह असलेले घर मिळावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. सामायिक नळाच्या आठवणींनी गहिवरणे बाहेरच्याला सोपे असते. पाणी केव्हा येणार ही सूचना आता व्हॉट्सॲपच्या गटावर येते आणि ती अधिक वेळेवर येते. फरक एवढाच, की फळा जाता-येता कोणीही वाचू शके. गटावरची सूचना सभासदालाच दिसते. परक्या माणसालाही आपल्या घरातले मरण आणि आपल्या मुलीचे यश कळावे, असे ज्या वस्तीला वाटत होते, ती वस्ती कशी होती, याचा शोध साहित्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी घ्यावयास हवा.

घर हलवताना पहिल्यांदा माळा रिकामा होतो. इतिवृत्ताच्या वह्या, उत्सवाचे अहवाल, स्मरणिका, हस्तलिखित अंक, ग्रामस्थ मंडळांच्या पावत्या माळ्यावरच असतात आणि तेथून त्या थेट रद्दीवाल्याकडे जातात. आपल्या वर्गातली निम्मी मुले याच घरांतून येतात. त्यांना प्रकल्पासाठी विषय शोधून देण्याआधी एवढे सांगावे, की घरी जाऊन माळा पाहा.