मिठी नदी व तिवरे
मिठी : मुंबईच्या उपनगरांतून वाहणारी एक लहान नदी. लांबी सु. १८ किमी. विहार (१८६०) व पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघून ती कुर्ला, धारावी या भागांतून माहीमच्या खाडीस मिळते. मुखाकडील दलदलीत तिवरांची राने होती. त्यांच्या मुळांत गाळ अडतो व भरतीचा जोर ओसरतो. विसाव्या शतकात भराव, विमानतळाची धावपट्टी व वांद्रे-कुर्ला संकुल यांमुळे पात्र आकसले. सांडपाण्यामुळे नदी नाला गणली जाऊ लागली. २६-२७ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, तेव्हा पुराने तिचे जुने पूरक्षेत्र पुन्हा व्यापले. त्याच वर्षी तिच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. धारावीजवळच्या जुन्या कचराभूमीवरील महाराष्ट्र निसर्ग उद्यानालगत उरलेली तिवरे ही मूळ काठाची खूण होय.