घाण्यामागे पळीभर तेल

आकाशाकडे पाहावयास पैसे पडत नाहीत, असे आपण सहज बोलून जातो. एकट्याने, आपल्याच गच्चीवर, पाच मिनिटे पाहावयाचे असेल तर ते खरे आहे. परंतु वीस माणसांनी मिळून, दर महिन्याला, वर्षानुवर्षे पाहावयाचे म्हटले की जागा लागते, सतरंजी लागते, चहा लागतो, निरोप सांगत फिरणारा माणूस लागतो. आणि दुर्बीण घेतली की कपाट, कपाटाला कुलूप, आणि कुलूप आले की किल्ली कोणापाशी राहावयाची हा प्रश्न येतो. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, सभा संपल्यावर. वर्गणी, पावतीपुस्तक आणि हजेरीचा कागद ह्यांची आम्हांस सवय. तेव्हा हौशी ज्योतिर्विदांच्या मंडळांचा हा इतिहास सांगताना आमची नजर ग्रहगोलांपेक्षा पावतीपुस्तकाकडे अधिक वळेल, त्याबद्दल श्रोत्यांनी क्षमा करावी.

प्रारंभ घरापासून करू. आपल्या शहरातून धुळ्याच्या रस्त्याने निघाले की कन्नडच्या पुढे घाट लागतो. घाट उतरून चाळीसगावच्या अंगाला गेले की डोंगराच्या कुशीत पाटणे हे गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनास आपल्याकडचे पुष्कळ लोक जातात. तेथील शिलालेखाची चौकशी मात्र थोडेच करतात. हा लेख सन १२०७ च्या सुमाराचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. (चांगदेव योगी ते निराळे, दोघांची गल्लत आम्हीही बरीच वर्षे करीत होतो.) ह्या चांगदेवाने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीचे आणि घराण्यातील इतर ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून पाटण येथे मठ काढला, आणि तेथील निकुंभ राजांनी त्यास देणगी दिली.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. त्यात राजाची वंशावळ आहे, पंडितांची स्तुती आहे. शेवटी मात्र भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. का बदलते? कारण तेथे हिशेब आला. बाजारात जो माल उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जो वाटा मिळे, तो मठाला दिला. आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल ठरविले. स्तुती कोणाला कळली नाही तरी चालेल, पण देणे तेल्याला आणि दुकानदाराला कळलेच पाहिजे, हे लिहिणाऱ्यास ठाऊक होते. मठातील अध्ययन हा छंद नव्हता, ती विद्या होती, हा भेद आम्ही मानतो. तथापि तेलाचा प्रश्न दोहोंस सारखाच. आणि एका घाण्यामागे पळीभर म्हणजे फार नव्हे. ते देताना तेल्याचे घर बुडत नाही, आणि एक तेली मेला तरी मठाचा दिवा विझत नाही. एका मोठ्या देणगीपेक्षा आम्हांस ही रीत शहाणपणाची वाटते.

मोठ्या देणगीचे काय होते ते पुण्यात दिसले. तेथील सायन्स कॉलेजात प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांनी भावनगरच्या महाराजांच्या साहाय्याने वेधशाळा उभारली. १८८८ साली ती चालू झाली. तिच्यातील वीस इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. नायगमवाला माणूस कर्तबगार. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूरच्या रेल्वेमार्गावरील जेऊर येथे त्यांनी आपली तुकडी नेऊन वेध घेतले. परंतु ते १९१२ साली निवृत्त झाले आणि वेधशाळा मोडली. यंत्रे कोडाईकॅनॉलला रवाना झाली. चोवीस वर्षे ज्या शहरात देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती, त्या शहरात ती अडवून धरणारे दहा माणसांचे मंडळ निघाले नाही. ह्यात नायगमवालांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. दुर्बीण कॉलेजची होती; गावाने ती आपली मानलीच नव्हती.

कलकत्त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला आणि त्या भरात तेथे ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया निघाली. टॉमकिन्स नावाचा हिशेब खात्यातील इंग्रज अधिकारी तिचा प्राण होता. तरुण चंद्रशेखर वेंकट रामनही तिच्या कामात होते. पण बदलीच्या नोकरीतील साहेब लोकांवर उभारलेली संस्था ती! टॉमकिन्स गेले, उत्साह ओसरला, आणि दहा-बारा वर्षांत सगळे आटोपले.

आता त्याच १९१२ साली, म्हणजे पुण्यातील वीस इंची दुर्बीण पेट्यांत भरली गेली त्या वर्षी, बंगालमध्ये जेसोर येथे एक तीन इंची दुर्बीण विलायतेहून येऊन उतरली. ती मागविणारा गृहस्थ राधागोविंद चंद्र, सरकारी खजिन्यातील पोद्दार. नाणी मोजावयाची, खोटे नाणे वेगळे काढावयाचे, हे त्याचे काम. प्रवेश परीक्षेत तीन वेळा नापास झालेला. दिवसा नाणी आणि रात्री तारे, असा त्याचा क्रम. जून १९१८ मध्ये गरुड नक्षत्रात एक नवा तारा भडकला, तो त्याने स्वतः ओळखला आणि अमेरिकेत हार्वर्डला पत्र पाठविले. तेथून त्याचा संबंध जुळला तो रूपविकारी ताऱ्यांची नोंद करणाऱ्या अमेरिकन हौशी मंडळाशी.

हे मंडळ १९११ साली स्थापन झाले आणि आजही चालू आहे. ते टिकले कसे, हा आमच्या आवडीचा भाग, म्हणून येथे थोडे थांबतो. काही ताऱ्यांचे तेज कमीजास्त होते. ते किती झाले हे शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून पाहावयाचे आणि लिहून पाठवावयाचे, एवढेच काम. त्याला पदवी लागत नाही, चिकाटी लागते. मंडळ सभासदांस नकाशे पुरवी, आलेल्या नोंदी एकत्र करून प्रसिद्ध करी, आणि प्रत्येक निरीक्षकास त्याच्या नावाची खूण-अक्षरे ठरवून देई. जेसोरच्या पोद्दाराचा आकडा आणि अमेरिकेतील प्रोफेसरचा आकडा एकाच वहीत एकाखाली एक. आमच्या धंद्यात ह्याला मस्टर म्हणतात. ज्याचे नाव मस्टरवर आहे तो माणूस कामावर येतो. नुसत्या टाळ्या वाजवावयास बोलावलेला माणूस दुसऱ्या खेपेस येत नाही. १९२६ साली ह्या मंडळाने चंद्रांना सहा इंची दुर्बीण पाठविली. फाळणीनंतर त्यांस जेसोर सोडून पश्चिम बंगालात बारासात येथे यावे लागले. तरी १९५४ पर्यंत त्यांनी सदतीस हजारांवर नोंदी पाठविल्या.

पुढची कथा आपल्या जुन्या संस्थानाशी येऊन मिळते. चंद्रांचे डोळे थकले तेव्हा ती दुर्बीण माळ्यावर पडली नाही. ती वेणू बाप्पूंकडे गेली आणि अखेर तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली. ह्या बाप्पूंचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीस होते. ती वेधशाळा १९०१ साली नवाब जफर जंग ह्यांनी स्वतःच्या हौसेपायी काढलेली, आणि पुढे सरकारने चालविलेली. तेथून सात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काम मोठे झाले. पण नवाबाची हौस होती तिची कचेरी झाली, आणि हौशी माणसाला कचेरीत शिरावयाचे तर नोकरी लागते.

महाराष्ट्रात हौशी मंडळ खऱ्या अर्थाने उभे राहिले ते पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या रूपाने, २२ ऑगस्ट १९४४ रोजी. २०२४ साली तिला ऐंशी वर्षे पुरी झाली. नायगमवालांची यंत्रे गेल्यावर बत्तीस वर्षांनी निघालेली ही संस्था वीस इंची दुर्बिणीवाचून टिकली. मुंबईचे खगोल मंडळ १९८५ चे, पुन्हा हॅलेच्याच निमित्ताने. शीवच्या एका शाळेत जमणाऱ्या मंडळींचे. १९१० चा धूमकेतू गेला आणि सोसायटी गेली. १९८६ चा गेला आणि मंडळ राहिले. माणसे दोन्हीकडे हौशीच. फरक इतकाच दिसतो की दुसऱ्या ठिकाणी मंडळी त्याच गावची, नोकरी सांभाळून रात्री येणारी, आणि एक थकला तर दुसरा उभा राहणारी होती.

हे सर्व आम्ही शहाणपणाने सांगतो आहोत असे कोणी समजू नये. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीच्या अतिशय जवळ, सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरांवर आला होता. त्या सुमारास चिकलठाणा आणि वाळूजच्या कामगारांनी माणशी पन्नास रुपये काढून एक लहान दुर्बीण घेतली. पावसाळी ढगांच्या फटीतून, दुसरी पाळी सुटल्यावर, लोकांनी मंगळ पाहिला. डबा हातात, अंगाला ऑइलचा वास, आणि रांग जिन्याच्या तळापर्यंत! पुढे शनीची कडी पाहून एक फिटर आम्हांस म्हणाला, "साहेब, हे चित्र आतून चिकटवलेलं तर नाही ना?" चार वर्षे हे चालले. किल्ली आमच्याकडे होती. वर्गणी आम्हीच घेत होतो, निरोप आम्हीच देत होतो, तारीख आम्हीच ठरवीत होतो. मग संघटनेच्या कामासाठी दोन-तीन महिने आमचे बाहेरगावी जाणेयेणे झाले. दोन अमावस्यांना मंडळी आली, कुलूप पाहून परत गेली. तिसऱ्या अमावस्येस कोणी आले नाही. आणि आम्ही परत आल्यावर काय केले? सभेत उभे राहून, कामगारांना हौस नाही म्हणून त्यांनाच बोललो! त्या वेळी कोणी उत्तर दिले नाही. तो फिटर मात्र नंतर भेटला आणि म्हणाला, "किल्ली पानाच्या टपरीवर ठेवली असती तरी चाललं असतं." आम्हांस राग आला होता. टॉमकिन्सची हकीकत वाचनात आली ती बऱ्याच वर्षांनी, आणि त्या रात्री आम्हांस टपरी आठवली.

२०१८ साली कपाट उघडले तेव्हा काचेवर बुरशी धरली होती. ती साफ करून घेतली. आता किल्ली महिन्याच्या पाळीने फिरते आणि ज्याच्याकडे असेल त्याचे नाव वहीत लिहिले जाते. आमचे नाव वर्षातून एकदाच येते. पगाराच्या दिवशी माणशी दहा रुपये, पावती प्रत्येकाला. ढग असले तरी जमावयाचे आणि वहीत 'ढग' असे लिहावयाचे, हा नियम तरुण मुलांनी केला. आम्हांस तो सुचला नसता. वैशाखाची पाळी एका पॅकिंग खात्यातील बाईंची आहे. दुर्बिणीच्या तिवईचा एक पाय मोडला आहे, त्याला वेल्डिंग करावयाचे आहे. ह्या व्याख्यानास आलेल्यांपैकी कोणास यावयाचे असेल त्यांनी दाराशी ठेवलेल्या वहीत नाव घालावे, आणि किल्लीची पाळी कोणत्या महिन्यात घ्याल तेही पुढे लिहावे.