दक्षिणेपासून शिष्यवृत्तीपर्यंत

पदवीधरानें पुढें शिकावें म्हणून राज्यानें त्यास वेतन द्यावें, ही कल्पना महाराष्ट्रांत केवळ इंग्रजांबरोबर आली असें नाहीं. तिचें एक मूळ श्रावणमासच्या दक्षिणेंत आहे. तळेगांवचे सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं हा परिपाठ घातला. त्यांचे पुत्र त्रिंबकराव १७३१ सालीं डभईच्या लढाईंत पडल्यावर पेशव्यांनीं तो पुण्यास चालविला. पर्वतीच्या रमण्यांत दूरदूरचे शास्त्री जमत. विद्येचा गौरव होई. पण ब्राह्मणेतरांस तें दार बंद होतें.

१८१८ मध्यें पेशवाई गेली, दक्षिणा राहिली. तिच्याच पैशांतून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ सालीं लोकहितवादी प्रभृति सुधारकांनीं सरकारकडे अर्ज केला, कीं या निधीचा कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षिसांदाखल द्यावा. शहरांत गहजब उडाला. तेव्हां अर्जदारांच्या रक्षणास जोतीराव फुले व त्यांचे सोबती उभे राहिले. ज्यांच्या हातीं त्या दक्षिणेची कवडीही कधीं पडली नव्हती, तेच तिच्या सदुपयोगासाठीं पुढें आले!

पुढें याच निधीतून कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊं लागले. फेलोनें कांहीं शिकवावें व उरलेल्या वेळांत स्वतःचा अभ्यास वाढवावा, अशी ही योजना. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ मधील पहिल्या बी. ए. परीक्षेंत उत्तीर्ण झालेले रानडे आणि भांडारकर हे दोघेही असे फेलो होते. पोटाची विवंचना टळली, म्हणून विद्येस सवड मिळाली. आगरकरही डेक्कन कॉलेजांत फेलो होते. तेथेंच टिळकांशीं त्यांचा विचारविनिमय झाला, सरकारी नोकरी न करण्याचा निश्चय झाला, आणि पुढें न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्यांत ते पडले.

परंतु रमण्याच्या दाराचा प्रश्न उरलाच होता. १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. परतल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. १९१७ सालीं ते बडोद्यास रुजू झाले. पण अस्पृश्य म्हणून त्या शहरांत त्यांस राहावयास जागा मिळेना, आणि करार पुरा होऊं शकला नाहीं.

दोन्ही ठिकाणीं पैसा देणाऱ्या सत्तेच्या पदरांत चाकर पडला नाहीं. म्हणून तो खर्च वायां गेला काय? एका फेलोनें महाराष्ट्रास बुद्धिवाद शिकविला, आणि संस्थानच्या त्या विद्यार्थ्यानें १९५० मध्यें अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचें अध्यक्षपद भूषविलें. विद्येवरील ऋण धन्याकडे परत येतें असें नाहीं. तें समाजाकडे फिटतें.