ओवीचा वारसा आणि मुक्तछंद

मराठी पद्याच्या जुन्या दप्तरातील एक अगदी आरंभीचा दाखला चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात सापडतो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, एवढीच ती नोंद आहे. मुसळाच्या आघातांत जेवढे शब्द मावतील तेवढे घालावेत, एखादे अक्षर अधिक झालेच तर गळ्याने ते सांभाळून घ्यावे, अशी या पद्याची मूळची वहिवाट. आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्यासाठी घडीव संस्कृत वृत्तांचे वैभव बाजूस सारून जी निवडली, ती हीच ओवी होती. तिच्या पहिल्या तीन चरणांना यमक असते, चौथा चरण आखूड आणि यमकाविना असतो, आणि अक्षरांच्या संख्येला तर पक्की मर्यादाच नाही. विचार लांबला की चरण लांबतो, आटोपला की आखडतो. तीन यमकांनी कानाला जी अपेक्षा लावून ठेवली, ती चौथा चरण पुरी करीत नाही, आणि म्हणूनच गाणे तेथे अकस्मात बोलण्याच्या स्वरात उतरते. तत्त्वचिंतनाला आणि घरगुती संवादाला एकाच छंदात नांदता आले, याचे पुष्कळसे श्रेय मी त्या आखूड चरणाला देतो.

अभंग याच कुळातला. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा, एवढा बंदोबस्त असला, तरी लघुगुरूंचा हिशेब तेथे कोणी मागत नाही.

तो हिशेब कडक झाला पंडित कवींच्या अमदानीत. शार्दूलविक्रीडितात चरणाला १९ अक्षरे, प्रत्येकाचे लघुगुरुत्व ठरलेले, आणि यती बाराव्या अक्षरावर! वामनपंडितांनी गणवृत्ते मराठीत रुळवली. मोरोपंतांनी आर्या, किंबहुना काटेकोर बोलायचे तर १२ आणि १८ मात्रांची गीती, अशी राबवली की त्या प्रभुत्वापुढे आजही मस्तक नमते. केशवसुतांनी १८९२ मध्ये इंग्रजी सॉनेटचा घाट मराठीत आणला, तोही शार्दूलविक्रीडिताच्याच पेहरावात. माधव जूलियनांच्या 'छंदोरचना' या ग्रंथाने पुढे या साऱ्या मुलखाची साक्षेपी मोजणी केली.

म्हणून अनिलांची १९४० सालची 'भग्नमूर्ती' मुक्तछंदात अवतरली, तेव्हा ती परंपरेविरुद्ध बंड म्हणून वाचली जाणे मला अपुरे वाटते. अनिलांनी मोडली ती गणमात्रांची हुकमत. लयीच्या आवर्तनावर ओळ पेलावी आणि तिच्या लांबीची मुखत्यारी अर्थाकडे सोपवावी, हा अधिकार ओवीने कित्येक शतके आधी बजावला होता.

याहून बोलका पुरावा मर्ढेकरांचा. यंत्रयुगीन मुंबईची, गर्दीत चिरडलेल्या माणसाची व्यथा मांडण्यासाठी १९४७ च्या 'काही कविता' या संग्रहात त्यांनी छंद निवडले, त्यांत संतांचे ओवी-अभंग अग्रभागी आहेत. ज्या चरणांनी पंढरीची आर्त हाक वाहिली, त्याच चरणांत गिरण्या आणि यंत्रे येऊन बसली, की वाचकाच्या कानात मुरलेली भक्ती आणि डोळ्यांपुढचे भकास दृश्य यांचा जो संघर्ष पेटतो, तो सर्वस्वी नव्याने बेतलेल्या छंदातून पेटला नसता. नवकाव्याच्या दुर्बोधतेवर रुष्ट झालेल्या रसिकांनी त्यातला हा जुना नाद ऐकला असता, तर वादाचा निम्मा जोर ओसरला असता, असे मला प्रांजळपणे वाटते.

आणि स्वतः अनिलांनी तरी काय केले? मुक्तछंदाचा पुरस्कार करणाऱ्या या कवीने उत्तरायुष्यात दहा ओळींचा एक नवा बंध स्वेच्छेने घडवला, त्यात सातत्याने लेखन केले, आणि १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संग्रहाला नावही त्या बंधाचेच दिले: 'दशपदी'.