हिरड्याचा हिशेब

पिंपरीत संत तुकाराम नगरला लागून असलेल्या वल्लभनगर आगारात एसटीतून उतरणाऱ्या माणसांकडे बोट दाखवून आमच्याकडचे जाणते सांगतात, जंगलाने पोट भरत नाही, म्हणून ही माणसे कंपनीत येतात. आणि त्याच दमात : जंगल गावाच्या हाती दिले तर गाव ते तोडून खाईल. पूर्वपक्षाची ही दोन विधाने एकमेकांच्याच पायात घोटाळतात. ज्यात खाण्यासारखे काही नाही, ते गाव खाऊन संपवणार कसे?

कंपन्यांचे चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच्याच पश्चिम टोकाला, भीमाशंकरच्या अंगाने, महादेव कोळी आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, गोळा करून वाळवतात. आंबेगाव-जुन्नरलाही तेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने हिरडा झोडपला, तेव्हा भरपाईसाठी आंदोलने झाली. ज्याचे उत्पन्नच नाही त्याची भरपाई कोण मागते? खोट हिरड्यात नाही. भाव व्यापाऱ्याने सांगायचा आणि गोळा करणाऱ्याने ऐकायचा, खोट तिथे आहे.

बांबूचे उदाहरण याहून बोलके. वनस्पतिशास्त्रात तो गवत, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात मात्र २०१७ पर्यंत झाड! २००६ च्या वनाधिकार कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले आणि मालकी वनहक्कधारकांना दिली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू गावाबाहेर न्यायचे वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले २७ एप्रिल २०११ ला, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. मधल्या काळात जंगल तेच होते, माणसे तीच होती. अडले होते ते पुस्तकापाशी.

आणि तोडून खाण्याचे म्हणाल, तर चंद्रपूरच्या पाचगावने सामूहिक हक्क मिळाल्यावर तेंदूपत्त्याचा रोख पैसा आपण होऊन सोडला. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, वणवे लावले जातात, म्हणून. पुण्याच्याच परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी हे वारंवार लिहिले. पुण्यात राहूनही आपण ते वाचले नाही.

सगळीकडे मेंढा उभा राहणार नाही, हे मान्य. तेवढा बांबू खेडला नाही. गडचिरोलीतही तेंदूचे पैसे थकवणारे ठेकेदार ग्रामसभांना भेटले. पण भाव पडणे, पैसे थकणे हे चाकणच्या बाजारात कांद्यालाही चुकलेले नाही. म्हणून कांदेवाल्याचा सातबारा कोणी काढून घेतलेला नाही.