दुखापतीवरील शेक : थंड आणि गरम

मुका मार, लचक, उसण अशा किरकोळ दुखापतींत वेदना कमी करण्यासाठी घरी केला जाणारा उपाय. बर्फ लावावा की गरम शेक द्यावा, हे दुखापत किती ताजी आहे आणि सूज आहे का, यावरून ठरवावे. दोन्हींनी दुखणे सुसह्य होते. फाटलेले तंतू सांधण्याचे काम शरीरच करते. पाय मुरगळला की घोट्याचे अस्थिबंध ताणले जातात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि काही तासांतच घोटा फुगून काळानिळा पडतो. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, वेदनेचे संदेश मंदावतात आणि ठणका उतरतो. अशा वेळी तव्यावर तापवलेले फडके किंवा मिठाची गरम पुरचुंडी लावली, तर रक्तवाहिन्या रुंदावून सूज वाढण्याचा धोका असतो. मग शेकाने बरे वाटते हा घरोघरचा अनुभव खोटा का? मुळीच नाही. तो बहुतेक उसण भरलेल्या पाठीचा, आखडलेल्या मानेचा असतो. तिथे सूज नसते आणि उबेने स्नायू सैल होतात. कंबरदुखीवरील प्रयोगांच्या 2006 सालच्या कॉक्रेन आढाव्यातही गरम पट्ट्याने थोडा, अल्पकाळचा आराम मिळतो असे आढळले. बर्फाबाबत तेवढा पुरावा मिळाला नाही.

बर्फावरचा आक्षेप अधिक गंभीर आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि भाग उंच ठेवणे ही चतुःसूत्री 1978 मध्ये रूढ करणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढे बर्फाने बरे होणे लांबू शकते असे मान्य केले. दाह हा दुरुस्तीचाच भाग आहे, हे त्यामागचे कारण खरे आहे. पण बर्फाने होणाऱ्या नुकसानीचा पुरावा बराचसा प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे. माणसांबाबत तो तुटपुंजा आहे. त्यामुळे बर्फ टाकून देण्याचे कारण नाही, दिवसभर लावून ठेवण्याचेही नाही. पहिले दोन-तीन दिवस, ठणका असेल तेव्हाच, फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावावा. उघडा बर्फ त्वचा जाळतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी बर्फ आणि गरम पाण्याची पिशवी दोन्ही टाळावीत, कारण चटका बसला तरी त्यांना कळत नाही. सूज उतरल्यावर राहिलेल्या ताठरपणाला ऊब चालते. मात्र झेपेल तशी हालचाल लवकर सुरू करणे या दोन्हींपेक्षा महत्त्वाचे आहे. मुरगळलेल्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर शेकत बसू नये, एक्स-रे काढून घ्यावा.